हिशेबाबाहेरची वैरण

उसाच्या भावासाठी मोर्चे निघतात, कापसाच्या भावासाठी रस्ते अडवले जातात, दुधाचा भाव पडला की दूध रस्त्यावर ओतले जाते. वैरणीसाठी मोर्चा निघाल्याचे मात्र सहसा ऐकिवात नाही. शासनाला वैरण आठवते ती दुष्काळ पडल्यावर, छावणीच्या रूपाने. पाऊस पडला की छावणी उठते आणि तिच्याबरोबर प्रश्नही उठून जातो. आपल्या कार्यकर्त्यांची स्थिती फारशी वेगळी नाही. जमिनीच्या फेरवाटपावर, पाण्याच्या समान वाटपावर, रोजगार हमीवर आपल्याकडे ठरावांचा तोटा नाही; जनावराच्या दावणीत काय पडते, यावरचा ठराव शोधून काढावा लागेल. हा निव्वळ विसराळूपणा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. वैरणीचा प्रश्न हा मालकीचा आणि वाटपाचा प्रश्न आहे. तो तसा मांडला जात नाही, म्हणून दर दुष्काळात तो दयेचा प्रश्न होऊन समोर येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम साधा हिशेब पाहू. जनावराला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के शुष्क अन्न लागते, असा पशुआहाराचा ढोबळ नियम आहे. म्हणजे ४०० किलो वजनाच्या गाईला दिवसाला १० किलो आणि वर्षाला साडेतीन टनांहून थोडे अधिक. कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या एकरातून बऱ्या वर्षी एक ते दीड टन कडबा मिळतो. नुसत्या कडब्यावर एक गाय जगवायची म्हटले तरी अडीच ते साडेतीन एकर ज्वारी लागेल; आणि ती गाय जगेल एवढेच, दूध देणार नाही, कारण कडब्यात प्रथिने अगदीच थोडी. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाईबैल, ५६ लाख म्हशी आणि १ कोटीहून अधिक शेळ्या आहेत. उलट देशातील लागवडीखालच्या जमिनीपैकी चारापिकांखाली असलेले क्षेत्र वर्षानुवर्षे ४ टक्क्यांच्या आसपास रेंगाळले आहे. झाशीच्या भारतीय चराई व चारा संशोधन संस्थेने आपल्या ‘व्हिजन २०५०’ या दस्तऐवजात हिरव्या चाऱ्याची तूट ३५ टक्क्यांहून अधिक आणि सुक्या चाऱ्याची सुमारे ११ टक्के दाखवली होती. अशा आकड्यांवर आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. परंतु ‘तूट’ हा शब्द फसवा आहे. सरकारी अंदाजपत्रकात तूट आली तर कर्ज काढता येते. दावणीत तूट आली तर कोणते तरी एक विशिष्ट जनावर उपाशी राहते. ते कोणाचे, हे सरासरीच्या आकड्यातून कळत नाही.

अर्थशास्त्राच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत संयुक्त उत्पादनाचे उदाहरण म्हणून मेंढीचे मांस आणि लोकर देण्याचा प्रघात आहे. मी मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांना ज्वारी आणि कडबा हे उदाहरण देत असे, आणि त्यांचे डोळे लगेच चमकत. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येई, “सर, मग कडब्याला हमीभाव का नाही?” प्रश्न वरवर पोरकट वाटला तरी तो धोरणाच्या मर्मावर बोट ठेवणारा होता. कृषिमूल्य आयोगाच्या पद्धतीत पिकाचा एकूण खर्च मुख्य उत्पादन आणि दुय्यम उत्पादन यांच्यांत त्यांच्या मूल्याच्या प्रमाणात विभागला जातो. म्हणजे कडब्याला जेवढी किंमत असेल तेवढ्या प्रमाणात ज्वारीच्या दाण्याचा उत्पादनखर्च कमी धरला जातो. कडब्याची किंमत हिशेबात घेतली जाते ती वजाबाकीसाठी. त्याच्या खरेदीची, साठवणीची किंवा किमान भावाची जबाबदारी मात्र कोणावर नाही. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आणि मालदांडीचा ३,७४९ रुपये जाहीर झाला. फरक ५० रुपयांचा. या दोहोंच्या कडब्यांतील फरक जनावराला विचारावा! मालदांडीचे ताट उंच, रसाळ, जनावर ते आवडीने खाते. ही जात स्वातंत्र्यापूर्वीच मोहोळच्या केंद्रावर निवडली गेली आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ती आजही दाण्याइतकीच कडब्यासाठी पेरली जाते. याउलट १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला तेव्हा दाणा किती वाढला याच्या तक्त्यांनी अहवाल भरले. ताट बुटके झाले, कडबा घटला, याची बेरीज-वजाबाकी करायला कोणी बसले नाही. शेतकरी ‘हायब्रीड’ला नाके मुरडत होता ती केवळ भाकरीच्या चवीमुळे नव्हे.

पुढे ज्वारीच मागे हटली. एके काळी महाराष्ट्रात ज्वारीखालचे क्षेत्र ६० लाख हेक्टरांच्या घरात होते. आज ते २० लाखांच्या आसपास आले आहे. त्या जागी सोयाबीन आले आणि ते ४५ लाख हेक्टरांच्या पलीकडे गेले. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. शिधावाटपात गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला, ज्वारी उपटायला आणि पेंढ्या बांधायला माणसे मिळेनाशी झाली, पाखरांचा त्रास वेगळाच, आणि सोयाबीनचे रोख पैसे दिवाळीच्या तोंडावर हातात येतात. ज्याला सावकार आणि सोसायटी दोघेही दारात उभे दिसतात तो दुसरे काय करणार? परंतु सोयाबीनचे कुटार म्हणजे कडबा नव्हे. ते जनावर खाते, पण कडब्याप्रमाणे वर्षभर पुरत नाही. मळणी यंत्राने ते रानात उधळले जाते आणि पुष्कळ ठिकाणी सरळ जाळले जाते. पूर्वी घरामागे कडब्याची गंजी असणे ही कुटुंबाची पत होती. मुलीकडचे लोक घर बघायला आले की त्यांची नजर आधी गंजीकडे जाई. ती गंजी म्हणजे पुढच्या अपुऱ्या पावसाविरुद्धचा विमा होता, आणि त्याचा हप्ता कोणत्याही कंपनीला भरावा लागत नसे.

वैरण आता बाजारात गेली, आणि बाजारात गेलेली वस्तू ज्याच्या हाती पैसा त्याच्याकडे वळते. वीस-पंचवीस संकरित गाईंचा गोठा असलेला बागायतदार मक्याचा मुरघास करतो: दाणा चिकात असताना मका कापायचा, कुट्टी करायची, हवा राहणार नाही अशी दाबून खड्ड्यात किंवा पिशवीत भरायची आणि दीड-दोन महिन्यांनी उघडायची. पद्धत उत्तम आहे. लसूणघासाचे वाफे त्याच्या विहिरीवर आहेत, हत्तीघासाचे बेणे त्याला राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मिळते, कडबाकुट्टीच्या यंत्रावर त्याला अनुदान आहे. चारा-विकासाच्या बहुतेक योजना पाणी आणि जमीन असलेल्या माणसाला गृहीत धरून आखल्या जातात. ज्या बाईकडे एक गाय किंवा तीन शेळ्या आहेत आणि जमीन गुंठाभरही नाही, ती या योजनांत बसतच नाही.

तिची वैरण कोठून येत होती हे नीट पाहिले पाहिजे, कारण ते कोणत्याच नोंदीत नाही. एक, बांधावरचे गवत. दुसरे, खुरपणीचे गवत: दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून संध्याकाळी ती जो भारा डोक्यावर घेऊन निघते, तो तिच्या मजुरीचाच न लिहिलेला भाग असतो. तिसरे, कापणीनंतर रिकाम्या रानात चारण्याची मुभा. चौथे, गायरान. यांतले एकेक पाहा. बांध ट्रॅक्टरच्या फाळाखाली अरुंद होत गेले. रानात तणनाशक आले. एका फवाऱ्यात तिची मजुरी गेली आणि शेळीचे गवतही गेले. तणनाशकाच्या नफ्यातोट्याची चर्चा मजुरीच्या बचतीपाशी थांबते. त्या बचतीत एका शेळीचे पोटही आले, हे कोणी लिहीत नाही. दुबार पिकांमुळे रिकामी राने राहिली नाहीत. उरले गायरान.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये गावच्या गुरांना मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात ही जमीन सर्वांची म्हणून कोणाचीच नाही, अशी तिची गत झाली. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी १९८६ साली कोरडवाहू भारतातील सामाईक संसाधनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सात राज्यांतील त्यांच्या पाहणीत १९५० नंतरच्या तीस वर्षांत सामाईक जमिनी ३१ ते ५५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आणि या जमिनींवर गरीब कुटुंबांची भिस्त सधनांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचेही. त्यानंतर घट थांबली असे मानायला काही आधार नाही. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या गायरानावर झाल्या, ते समजू शकते. अलीकडे २०२३ पासून सौर कृषिवाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी गायराने दिली जात आहेत आणि काही गावांतून त्याला विरोधही झाला आहे. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची मागणी रास्तच आहे. पण ज्याच्या विहिरीवर पंप आहे त्याला वीज मिळावी म्हणून ज्याला विहीरही नाही त्याच्या शेळीचे रान घ्यावे, हा व्यवहार न्यायाचा कसा, हे तरी ग्रामसभेपुढे मांडले जावे.

येथे एक अवघड मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. गायरानावर ‘अतिक्रमण’ करणाऱ्यांत सगळेच एका जातीचे वा एका वर्गाचे नाहीत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांची एक प्रमुख मागणीच पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावे करा, अशी होती. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरी अनेक कुटुंबे आजही सातबाऱ्यावर नाव लागण्याची वाट पाहत आहेत. २०२२ साली उच्च न्यायालयात गायरानांचा प्रश्न निघाला आणि गावोगाव नोटिसा गेल्या तेव्हा सर्वांत आधी धाबे दणाणले ते याच कुटुंबांचे. ‘गायरान वाचवा’ ही घोषणा गावातल्या सवर्ण जमीनमालकाच्या तोंडी जेव्हा येते तेव्हा तिचा रोख बहुधा दलित वस्तीकडे असतो. स्वतःच्या बांधाने गायरानात किती शिरकाव केला, हे तो मोजत नाही. म्हणून आपली भूमिका स्वच्छ असली पाहिजे. कसणाऱ्या भूमिहीनांचे पट्टे प्रथम पक्के झाले पाहिजेत, मग उरलेल्या गायरानाची मोजणी आणि हद्दनिश्चिती, आणि सधनांनी दाबलेली जमीन मोकळी करणे. हा क्रम उलटा केला तर गवताच्या नावाने माणसे उठवली जातील.

उरलेल्या गायरानाचे काय करावे, याची उत्तरे शास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहेत. जून ते सप्टेंबर ते बंद ठेवावे. मारवेल, अंजन, पवन्या यांसारखी चांगली गवते आणि त्यांत स्टायलोसारखे द्विदल चारापीक फेकून पेरावे. गवत फुलोऱ्यात असताना कापावे. बी धरून गेल्यावर त्यातले पोषण झपाट्याने उतरते आणि काडी उरते. कुसळी गवताच्या बाबतीत तर उशीर झाला की कुसळे जनावराच्या तोंडाला जखमा करतात. कापलेले गवत उन्हात उलटे-पालटे करून, हिरवा रंग राहील इतपत वाळवावे आणि रचून वरून शाकारावे. ही कामे काही गुंतागुंतीची नाहीत. परंतु गावाचे गवत कधी कापले जाते? पुष्कळदा दिवाळीनंतर, लिलाव झाल्यावर, ते पिवळे पडून गेल्यावर. गवत तयार व्हायचा दिवस आणि कागद तयार व्हायचा दिवस यांत दोन महिन्यांचे अंतर पडते, आणि त्या दोन महिन्यांत अर्धे पोषण हवेत जाते.

चराईबंदीचा उपाय राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या गावांनी करून दाखवला आहे आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो: गवत वाढले, दूध वाढले. पण चराईबंदीचा पहिला फटका शेळीला बसतो. गाईवाला गवत कापून आणील. शेळीवाली कापून आणणार ते कोणाच्या वेळातून? आणि मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगराने कोठे जावे? येथे मला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीची आठवण होते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात त्यांनी जो नियम घालून दिला तो असा की पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात मिळेल, आणि भूमिहीनालाही मिळेल. हाच नियम गवताला लावावा. गायरानाच्या गवताचे वाटे कुटुंबागणिक समान पडावेत, घरात जनावर असो वा नसो, जमीन असो वा नसो. ज्याच्याकडे जनावर नाही त्याने आपला वाटा गावातल्या गाईवाल्याला विकावा. असे झाले की गायरान राखण्यात भूमिहीनाचा स्वार्थ निर्माण होतो. राखणीला वेगळा पहारेकरी लागत नाही. आज गवत राखतो तो गरीब आणि दूध नेतो तो सधन, अशा व्यवस्थेला गावकऱ्यांनी फार काळ पाठिंबा द्यावा ही अपेक्षाच चुकीची. मेंढपाळांच्या वाटा आणि त्यांच्या मुक्कामाचे दिवसही याच ठरावात लिहिले जावेत. मेंढरे रानात बसवण्याचा मोबदला शेतकरी आजही देतो, तेव्हा हा संबंध काही परका नाही.

दुष्काळात शासन काय करते ते पाहिले म्हणजे या नियोजनशून्यतेची किंमत कळते. चाहूल लागताच जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी घालतात. हेतू चांगला, परिणाम असा की ज्याने चार एकर ज्वारी पेरून शे-दोनशे पेंढ्या जास्तीच्या ठेवल्या त्या लहान शेतकऱ्याला नेमका चढ्या भावाच्या वेळी भाव मिळत नाही. पुढच्या वर्षी तो ज्वारी का पेरील? मग छावण्या उघडतात. २०१९ मध्ये मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये आणि लहान जनावरामागे ५० रुपये असा दर झाला होता. त्या पैशातून प्रामुख्याने ऊस आणि उसाचे वाढे विकत घेतले जातात. म्हणजे ज्या पिकाने पाणी ओढले त्याच पिकाला दुष्काळ-निवारणाचा पैसा जातो. आणि वाढ्यांमधील ऑक्झॅलेटमुळे जनावराच्या शरीरातील चुना बांधला जातो तो निराळाच. छावणीचालकांविरुद्ध खोट्या जनावरांच्या तक्रारी दर वेळी होतात. सचोटीने चालवलेल्या छावण्याही मी पाहिल्या आहेत आणि त्यांनी हजारो जनावरे वाचवली, हे मान्य केलेच पाहिजे. पण तोच पैसा सुगीच्या दिवसांत, कडबा स्वस्त असताना, तालुक्याच्या ठिकाणी गंज्या रचण्यात घातला असता तर? अन्नधान्याचा राखीव साठा असावा हे तत्त्व आपण कधीच मान्य केले. १९७२ च्या अनुभवातून या राज्याने माणसांच्या हातांना कामाची कायदेशीर हमी दिली. जनावराच्या दावणीला मात्र आजही टेंडरची वाट पाहावी लागते.

१९६९ च्या सुमारास प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. के. एन. राज यांच्यांत गुरांच्या संख्येवरून ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर वाद रंगला होता. दांडेकरांचे म्हणणे थोडक्यात असे की चारा मर्यादित असताना कत्तलीवर बंदी घातली तर गुरांची संख्या उपासमारीने नियंत्रित होते, आणि तीत चांगले जनावरही अर्धपोटी राहते. त्यांचा निष्कर्ष कोणाला रुचो वा न रुचो, हिशेब चोख होता. महाराष्ट्रात १९७६ पासून गोवंशाविषयी कायदा होता. २०१५ साली बंदी बैलांना आणि वळूंनाही लागू झाली. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून तरणा बैल घेण्याची कोरडवाहू शेतकऱ्याची जुनी रीत त्याने मोडली. विकता येत नाही आणि पोसता येत नाही, असे जनावर मग रस्त्यावर येते आणि गरिबाच्या उभ्या पिकात शिरते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हटले आणि गोशाळांतील देशी गाईमागे रोज ५० रुपये देण्याचे ठरवले. श्रद्धेविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. एवढेच विचारायचे आहे की हीच गाय जेव्हा एखाद्या विधवेच्या छपरात बांधलेली असते तेव्हा तिला ते ५० रुपये का लागू होत नाहीत?

पैसा कोठून आणायचा, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर छावण्यांच्या खर्चातच आहे, हे वर आले. रोजगार हमीच्या कामांत गवताची लागवड, कापणी आणि गंज्या रचणे समाविष्ट करता येईल. हे मजुरीप्रधान काम आहे आणि ते बहुतांशी स्त्रिया करतात, एवढाच त्यात ‘दोष’ असेल. निकृष्ट काडाला युरियाची प्रक्रिया करण्याची पद्धतही आता जुनी झाली: १०० किलो कोरड्या वैरणीला ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा आणि तीन आठवडे हवाबंद ठेवायचे. पण ती शिकवायला पशुवैद्यकीय दवाखान्यात माणूस तर हवा. ज्वारीच्या हमीभावात मालदांडीचा फरक कडब्याच्या किमतीशी जोडला जावा, ही मागणी कृषिमूल्य आयोगापुढे रीतसर नेता येण्यासारखी आहे. तिचे टिपण तयार करायला अर्थशास्त्राचे दोन-तीन तरुण प्राध्यापक पुरेत.

तथापि या सगळ्याची सुरुवात मुंबईत होणार नाही. १५ ऑगस्टची ग्रामसभा होते तेव्हा गायरानातले गवत गुडघ्याएवढे झालेले असते आणि कापणीला महिना-दीड महिना अवधी असतो. कार्यकर्त्यांनी त्याआधी तलाठ्याकडून गायरानाचा सातबारा आणि मूळ नकाशा काढून घ्यावा, गावातल्या भूमिहीन आणि शेळ्या राखणाऱ्या स्त्रियांना बरोबर घेऊन हद्दीवरून एक फेरी मारावी, कोणाचा बांध कोठवर आला आहे ते लिहून काढावे आणि कसणाऱ्या भूमिहीनांची नावे वेगळ्या कागदावर लिहावीत. मग ग्रामसभेत दोनच ठराव मांडावेत: या नावांना पट्टे द्या; आणि यंदाचे गवत लिलावाने न देता कुटुंबागणिक वाटा पाडून फुलोऱ्यातच कापा. दुसऱ्या ठरावाला विरोध कोण करतो, त्याची नावेही लिहून ठेवावीत.